बलुतं : एका शब्दाचा हिशेब

गेल्या वर्षी वालूरला एका सत्काराच्या कार्यक्रमाला गेलो होतो. परभणी जिल्ह्यातले, सेलूजवळचे हे माझे गाव. बाहेरचे लोक त्याला चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखतात. कार्यक्रमात गावातल्या एका जुन्या जमीनदार घराण्यातला तरुण बोलायला उभा राहिला. शिकलेला, सज्जन मुलगा. तो म्हणाला, "पूर्वी गावात पैसा नव्हता, पण माया होती. बलुतं म्हणजे काय, तर देवाणघेवाण. तुमच्या वाडवडिलांनी आमची कामं केली, आमच्या वाडवडिलांनी तुमची पोटं सांभाळली. ते नातं तुटलं आणि गाव तुटलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या वाड्यातली चार-दोन पोरेही होती. मी व्यासपीठावर होतो, सत्काराचा नारळ हातात होता, आणि मी गप्प बसलो. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याची भरपाई आहे असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. तो शिकवले तेच बोलला. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश उघडा. बलुतं म्हणजे गावच्या चाकरांच्या निर्वाहासाठी ठरवून दिलेला पिकातला वाटा, अशाच आशयाचा अर्थ तिथे सापडतो. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ साली आला. त्यांनी बलुत्याचा तपशील मोठ्या बारकाईने नोंदवला, पण कुणबी आणि बलुतेदार या जोडीकडे त्यांची नजर बहुतेक वेळा कुणब्याच्या ओट्यावरूनच गेली. पुढे विल्यम वाइझर या अमेरिकन मिशनऱ्याने उत्तर प्रदेशातल्या एका गावावर १९३६ साली पुस्तक लिहिले आणि 'जजमानी' हा शब्द समाजशास्त्रात रूढ केला. जाती एकमेकींच्या सेवा करतात, ज्याची-त्याची पाळी येते, असे त्याचे चित्र. १९५९ साली थॉमस बिडेलमन याने त्या चित्रातली जमीनदाराची सत्ता दाखवून दिली. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने तर १९७२ साली मराठी कागदपत्रांच्या आधारे असे मांडले, की महाराष्ट्रातला बलुतेदार अमुक एका घराचा नव्हताच, तो सबंध गावाचा चाकर होता. माझ्या मते हा शोध आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. एका घराचा चाकर असला तर तो निदान दुसरे घर धरू शकतो. गावाच्या चाकराने कुठे जायचे?

पण पंडितांचे पंडितांपाशी राहू द्या. शब्दाचा अर्थ कोशात असतो तसा तो क्रियापदातही असतो. वालूरच्या बोलीत मी लहानपणी जे ऐकले ते आठवून पाहतो. सुताराला बलुतं 'घालायचं' असे. न्हाव्याचं बलुतं 'राहिलं' असे, म्हणजे ते देणे होते आणि देणाऱ्याला त्याची आठवण होती. जोशाला बलुतं 'पोचतं करायचं' असे. आणि महार बलुतं 'मागायला' येई. नाम तेच, धान्य तेच, खळे तेच. क्रियापद मात्र जातीप्रमाणे बदलत गेले. मागणे हे क्रियापद जिथे लागते तिथे देणाऱ्याची मर्जी आलीच. देवाणघेवाण म्हणणाऱ्याने आधी या क्रियापदाचे काय करायचे ते सांगावे.

मोजमापाचेही तसेच. ज्वारीची सुगी आली की खळ्यावर रास पडे. पहिले माप देवाचे. मग एकेक बलुतेदार. आमचा आजा पदर पसरून खळ्याच्या कडेला उभा राही, रास विटाळू नये इतक्या अंतरावर. पायली मालकाच्या हातात. मापाला शीग ठेवायची की वरून हात फिरवून सपाट करायचे, हे त्या हाताने ठरवायचे. सगळी रास उचलली गेली की खळ्यात उरे ते मातेरं, म्हणजे मातीत मिसळलेले दाणे. ते झाडून न्यायचा आमचा मान. 'मान' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण गाव तोच शब्द वापरी. शेतात गळून पडलेली कणसे वेचायची त्याला सरवा म्हणत. सरवा आणि मातेरं, दोन्ही बायांची कामे. आज्जी ते मातेरं पाण्यात टाकून दाणे वर काढी, वाळवी, पाखडी, तरी भाकरीत कचकच राहायचीच. ज्वारीच्या भाकरीला एक चव असते आणि मातेऱ्याच्या भाकरीला दुसरी. ही दुसरी चव ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे फार समजावून सांगावे लागणार नाही.

आता त्या धान्याच्या बदल्यात द्यायचे काय? सुताराचे काम मोजता येते. नांगर भरला, वखराची फास बसवली, तिफण नीट केली, की काम संपले. कुंभाराची मडकी मोजता येतात. महाराच्या कामाला शेवट नव्हता. वेशीवर पहारा, दवंडी, शिवेच्या भांडणात साक्ष, साऱ्याच्या रकमेबरोबर कचेरीपर्यंत पायपीट, अंमलदार आला तर त्याच्या घोड्याची वैरण, कुणाकडे मयत झाली तर परगावच्या सोयऱ्यांना रात्री-बेरात्री निरोप, लग्नात लाकडे फोडणे, मेलेले ढोर ओढणे. या सगळ्याला एकच शब्द : 'पडेल ते काम'. आजारी पडला तर त्याच्या पोराने जायचे, पोर लहान असेल तर बायकोने. ज्या मालाची यादीच नाही त्याची किंमत कशी ठरवणार? आणि किंमत ठरवता येत नसेल तर तिला मोबदला म्हणायचे कशाच्या जोरावर?

खरी देवाणघेवाण या गावाला ठाऊक नव्हती असे मात्र नाही. तिच्यासाठी वेगळा शब्द होता : सावड. काही भागात वारंगुळा म्हणतात. ज्याच्याकडे एकच बैल आहे असा कुणबी दुसऱ्या एकबैल्याला गाठायचा. आज तुझे रान, उद्या माझे. किती दिवस झाले ते दोघांच्याही ध्यानात. एखाद्याने कुचराई केली तर पुढच्या हंगामात सावड मोडायची. मोडली म्हणून कुणाचे पाणी तोडले गेले नाही, कुणाला गाव सोडावे लागले नाही. म्हणजे बरोबरीच्या बदल्याची कल्पना गावाला पक्की माहीत होती. मोजणे दोघांच्या हातात, थांबणे दोघांच्या हातात. फक्त ती सावड बैलवाल्यांत होती. महार-मांगांशी कुणी सावड केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमच्यासाठी गावाने बलुतं हा शब्द राखून ठेवला होता.

आणखी एक गोष्ट पुस्तके क्वचितच सांगतात. बारा बलुतेदारांच्या यादीत महार आहे, मांग आहे, चांभार आहे. न्हावीही आहे, परीटही आहे. पण गावाचा न्हावी महाराची दाढी करत नसे आणि गावाचा परीट महाराचे कपडे धूत नसे. देवळाच्या गुरवाचा तर प्रश्नच नाही. बारा जण मिळून गाव चालवतात म्हणायचे, आणि त्यातल्या काहींनी द्यायचे सगळ्यांना, घ्यायचे मात्र खळ्याच्या कडेवरून. वाइझरच्या चित्रातली ती 'पाळी' महारवाड्यापर्यंत कधी पोचली नाही. आम्ही आमची डोकी आपसात भादरली.

इथवर लिहिणे सोपे होते. आता अवघड भाग. आमचे वाडवडील या बलुत्याला भीक समजत नव्हते. ते त्याला हक्क म्हणत. बिदरच्या बादशहाने अमृतनाक महाराला बावन्न हक्कांची सनद दिली ही कथा मी आज्याच्या तोंडून कितीदा ऐकली. त्यातले किती खरे हा इथला प्रश्न नाही. आमच्या मराठवाड्याला बिदर काही लांब नाही. त्या नावाने आज्याची मान ताठ होई. भाकरी मागून आणणारा माणूस रात्री बावन्न हक्क मोजत झोपे. हाडकी-हाडोळा म्हणजे वतनाची जमीन. तिचा तुकडा भावकीत वाटून वाटून अंगणाएवढा उरला तरी 'आपण वतनदार' ही भाषा सुटली नाही. आणि हे वतन राखताना आम्ही कुणाला लांब ठेवले? मांगवाड्याला. अमुक मान आमचा, तमुक वाटा तुमचा नाही, म्हणून महार-मांगांची भांडणे पेशवाईच्या दप्तरांतही आहेत. गावाने आमच्याशी जे केले त्याची छोटी प्रत आम्ही आमच्या खालच्यासाठी काढली. हे लिहिताना हात जड होतो, पण ते गाळले तर मीही त्या व्यासपीठावरच्या मुलाच्या ओळीत बसेन.

बाबासाहेबांची पहिली लढाई या 'हक्क' शब्दाशीच होती. 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी १९२७ सालीच महारांच्या वतनावर लिहिले, आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यातली एक मागणी लक्षात घेण्याजोगी आहे. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे आणि ती रक्कम साऱ्याबरोबर सरकारने वसूल करून महाराला द्यावी. म्हणजे धान्याच्या जागी पैसा एवढेच नव्हे, देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये सरकार उभे करावे. खळ्याच्या कडेला उभे राहणेच संपवावे. विधेयक निवड समितीतून मूळ रूपात परतले नाही आणि १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. १६ डिसेंबर १९३९ ला नगर जिल्ह्यातल्या हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली, तिथेही हाच प्रश्न होता. अखेर मुंबई राज्यात १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा झाला. पहिल्या विधेयकापासून तीस वर्षे.

पण वालूर मुंबई इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या राज्यात होते. १९२८ सालचे विधेयक मंजूर झाले असते तरी आमच्या आज्याला त्याचा दाणाभर उपयोग नव्हता. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आले, आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. त्याआधी अठरा दिवस, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा झाली होती. माझा बाप नागपूरला गेला नव्हता. भाड्याला पैसे नव्हते. पण परतून आलेल्यांकडून त्याने सगळे ऐकले, आणि त्या हिवाळ्यात वाड्यातली पंधरा-वीस घरे बसून बोलली. मेलेलं ढोर ओढायचं नाही. येसकर पाळी घ्यायची नाही. जोहार घालायचा नाही. आणि येत्या सुगीला बलुतं मागायला जायचं नाही.

मी तेव्हा सात वर्षांचा असेन. सुगी आली, खळी लागली, आणि आमच्यातले कुणी कडेला जाऊन उभे राहिले नाही. दोन-तीन दिवस गाव वाट पाहत होते असे वाटते. मग उत्तर आले. दुकानदाराने उधारी बंद केली. मजुरीला बोलावणे थांबले. बायांना सरपणासाठी बांधावर जाऊ देईनात. शेळ्या दावणीलाच राहिल्या. कुणी कुणाला मारले नाही. त्याची गरजच पडली नाही. बलुतं ही देवाणघेवाण असेल तर आम्ही आमचे देणे थांबवले, त्यांनी त्यांचे थांबवावे, एवढ्यावर हिशेब मिटायला हवा होता. पण त्यांनी थांबवले ते बलुत्याच्या पलीकडले सगळे : रस्ता, मजुरी, चारा, मीठ. त्या दोन महिन्यांत मला या शब्दाचा पूर्ण आकार दिसला, जरी तो शब्दांत सांगायला मला पन्नास वर्षे लागली.

ढोरे ओढायचे काम गावाने मांगवाड्यावर टाकले. त्यातल्या काहींनी ते केले. आम्ही त्यांना फितूर म्हणालो. त्यांच्या चुली कशावर पेटतात हे कुणी विचारले नाही.

एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. घरात दाणे संपत आले होते, तरी त्या दिवशी भाकरी जरा मोठी होती. बापाने पहिला घास तोंडात घातला आणि तो थांबला. भाकरीत कचकच लागली. त्याने आज्जीकडे पाहिले. आज्जी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "हे बलुतं न्हाई. म्या काई मागितलं न्हाई. झाडून आनलंय."

बाप म्हणाला, "झाडू कुनी दिलं?"

"तिथं कुनी नव्हतं."

"कुनी नव्हतं तं अंधारात काहून गेलीस?"

आज्जी पुढे बोलली नाही. बाप ताटावरून उठला. आम्ही पोरांनी ती भाकरी खाल्ली. आईने आम्हाला उठू दिले नाही.

त्या भांडणाचा निकाल मला आजही देता येत नाही. आज्जीने शब्दाची सुटका केली होती : मागितले नाही, म्हणजे बलुतं नाही. बापाला ते पटणे शक्य नव्हते, कारण मातेरं हाच बलुत्याचा तळ होता आणि तो तळही मालकाचाच होता. मी बापाच्या बाजूचा आहे. पण माझे पोट त्या रात्री आज्जीच्या बाजूला होते, आणि हे लिहिणारा हात त्या भाकरीवर वाढलेला आहे.

१९७६ साली वेठबिगार पद्धती रद्द करणारा कायदा संसदेने केला. मी तो पुढे वकील मित्राकडे बसून वाचला. धनको-ऋणकोंमधला करार सामाजिक रूढीनेच गृहीत धरला जातो अशा सक्तीच्या मजुरीच्या प्रकारांची एक यादी त्याच्या व्याख्येत दिली आहे. बारमासिया आहे, जीथा आहे, सागरी आहे, वेट्टी आहे. निजाम राज्यातला भगेला आहे. बलुतं नाही. त्याच कायद्यात पुढे असेही म्हटले आहे, की रूढीने किंवा सामाजिक बंधनाने, वारशाने, किंवा अमुक जातीत जन्मल्यामुळे करावी लागणारी सक्तीची मजुरीही वेठबिगारीच. शब्द टाळला आणि वर्णन अचूक केले. यादी करणाऱ्यांच्या कानांवर बलुतं हा शब्द पडला नसेल असे मला वाटत नाही. तो इतका घरगुती, इतका सोज्वळ होऊन बसला होता की त्यात सक्ती आहे हे कुणाला ऐकू आले नसावे.

तो ऐकू आला १९७८ साली, दया पवारांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून. 'बलुतं' हे नाव त्यांनी आत्मकथनाला दिले आणि त्यानंतर मराठी वाचकाला त्या शब्दात फक्त धान्य दिसणे बंद झाले. एका जातीच्या वाट्याला गावाने काय काय घातले, असा त्याचा अर्थ झाला. कोशातल्या अर्थापुढे एका लेखकाने दुसरा अर्थ लिहिला, अशी उदाहरणे आपल्या भाषेत थोडी आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. परभणी जिल्ह्यातही वाडे जळले. त्या वेळी अनेक गावांत जे ऐकू आले त्यात एक वाक्य मला ओळखीचे वाटले : आमच्या बलुत्यावर जगलेले आता आमच्या डोक्यावर बसायला लागले. वतने जाऊन वीस वर्षे झाली होती. शब्द हिशेबाला हजर होता.

धान्याचे बलुतं मात्र आपोआप आटले. १९७२ च्या दुष्काळात खळी रिकामी राहिली आणि लोक खडी फोडायला गेले. तिथे हजेरीपटावर नाव होते, आठवड्याला मजुरी होती, आणि कुणबीण आणि महारीण एकाच रांगेत दगड फोडत होत्या. पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आता आमच्या भागातली पोरे ऊसतोडीला जातात, मुकादमाकडून 'उचल' घेतात. नवरा-बायको मिळून त्यांना 'एक कोयता' म्हणतात. उचल हा शब्दही देवाणघेवाणीचाच वाटतो. त्याचा हिशेब ज्यांनी कोयता धरला आहे त्यांनी लिहावा. माझा तो अधिकार नाही.

सत्काराचा कार्यक्रम संपल्यावर तो भाषण करणारा मुलगा मला गाडीपर्यंत सोडायला आला. त्याच्या बहिणीचे लग्न होते, हलगीसाठी मांगवाड्यातल्या एका पोराला त्याने तिथेच, माझ्यासमोर फोन लावला. पोराचा आवाज मला ऐकू येत होता. त्याने तारीख विचारली, किती तास ते विचारले, माणसे किती ते सांगितले, रक्कम सांगितली. निम्मी आधी. मग जरा थांबून म्हणाला, "न्हाई दादा, त्या दिवशीची सुपारी सेलूची घेतलीय. तुम्ही दुसरा पाहा." मुलगा "बरं बरं" म्हणाला आणि त्याने लगेच दुसरा नंबर शोधायला घेतला.